धोतरावरचा धाकू

टाहाळाचा भारा डोक्यावर घेतला की मान वळवता येत नाही. राही डोंगरावरच्या सड्यावरून उतरायची ती पायापुढच्या कातळावर डोळे ठेवून. ऐनाच्या ओल्या फांद्या, मध्ये पालापाचोळा, सगळं वेलीनं आवळलेलं. चालताना त्यातल्या मुंग्या कपाळावरून खाली यायच्या. हात वर भाऱ्यात गुंतलेले, म्हणून त्यांना चावू द्यायचं. माघ सरत आला होता. रोपाच्या जागेवर हा टाहाळ पसरून जाळायचा, म्हणजे भाजावळ करायची, त्याशिवाय पावसात भाताचं रोप धरत नाही. घरात भारे वाहणारी डोकी दोनच, राही आणि तिचा दीर शिवा. सासू हौसा खाली शेतात बसून फांद्या पसरायची.

राहीची या घरातली ही शेवटची भाजावळ होती. निदान ठरलं तरी तसं होतं.

तिचा नवरा धाकू मुंबईला गोदीत हमाली करायचा. तापाच्या मोठ्या साथीत तो गेला, असं गावचाच गंगाराम सांगत आला. इस्पितळात आत नेताना त्यानं त्याला पाहिला होता, बाहेर येताना पाहिला नव्हता. ना प्रेत, ना राख. भाऊकीनं वर्षभर वाट बघितली, मग दहावं घातलं आणि राहीच्या बांगड्या फोडल्या. पोटी मूल नव्हतं, वय कोवळं होतं. कुणब्यांत विधवेला पाट लावायची रीत आहे. पलीकडच्या वाडीतला बाबू, बायको बाळंतपणात गेलेला, विचारायला आला आणि शिमगा झाला की पाट लावायचा असं गावकीनं कबूल केलं. बाबूकडं बैलजोडी होती, पण राहीच्या मनात काही बैल नव्हते. एकदा घाटीवर त्यानं न विचारता तिचा भारा उतरवून घेतला होता आणि ती पदर सावरेपर्यंत दुसरीकडं बघत उभा राहिला होता. तेवढ्यावर तिचं मन बसलं. माणसाचं मन बसायला फार मोठी जागा लागत नाही.

हौसाचं एक दुखणं होतं. दिवसा ती तांदळातला खडा अचूक वेचायची, पण दिवस मावळला की तिला दिसेनासं व्हायचं. दिवेलागणीनंतर चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जायलाही राहीचा हात लागायचा. रातांधळ्या बाईला लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण मागं कुणाचं पाप, कुणाचा शाप, असल्या चौकशा सुरू होतात. म्हणून घरातल्या तिघांनी ते झाकून ठेवलं होतं. गावाला पत्ता नव्हता.

त्याच दिवसांत शाळेत जादूचा कंदील आला. शाळेचे आत्माराम मास्तर त्यासाठी कितीदा तरी रत्नागिरीला खेटे घालून आले होते. पोरांना भूगोल घोकून येत नाही, डोळ्यांनी दाखवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बोर्डाचा कंदील एका आठवड्यासाठी मिळाला आणि तो गड्यांच्या डोक्यावरून हातखंब्याहून गावात आला. काळा पत्र्याचा डबा, वर धुराडं, पुढं पितळी नळी, आत घासलेटचा दिवा. चित्रांच्या काचांची पेटी वेगळी. मास्तरांनी गावातल्या मोठ्या माणसांनाही बोलावलं. हिवतापाच्या डासाची चित्रं सगळ्यांनी बघावीत, असा त्यांचा हेतू होता.

दुपार टळली होती. खिडक्यांवर कांबळी टांगली, दार लोटलं. मास्तरांनी आपलं एक धोतर भिजवून भिंतीपुढं ताणून बांधलं. ओल्या कापडावर उजेड बरा पडतो म्हणे. पोरं पुढं, पुरुष मागं, बायका दाराकडं. अंधार झाला तशी हौसाची बोटं राहीच्या मनगटाभोवती घट्ट झाली. राहीनं तिला हाताला धरून भिंतीशी बसवलं.

पहिली काच उलटी पडली. डोंगर वरून खाली लोंबायला लागले आणि पोरं खिदळली. मग डास आला, कोंबड्याएवढा. बायकांनी पदर तोंडाला लावले. मग मास्तर म्हणाले, "ही मुंबई. ही गोदी. आपल्याकडची माणसं पोट भरायला जातात ती इथं."

तेलाच्या दिव्याचा उजेड तो केवढा. धोतरावर पिवळट धुकं होतं, त्यात आगबोटीचा काळा डोंगर आणि खाली गोणी वाहणारी माणसं. पुढच्या माणसानं पाठीवर गोण घेऊन तोंड अर्धवट वळवलं होतं. तोंडाच्या जागी डाग होता.

"माजा धाकू," हौसा म्हणाली.

आधी हळू म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि हाका मारायला लागली. "धाकू, धाकू रे. ह्यो बग माजा धाकू. जिता हाय."

माणसं उठली, बाकं पडली. कुणी म्हणालं, व्हय, खांदा धाकूचाच. कुणी म्हणालं, गोण धरायची रीत त्याचीच. दादू म्हणून एक होता, तो तर धाकूबरोबर लहानपणी गुरं राखायचा. तो छातीवर हात मारून म्हणाला की हा धाकू नसला तर मी दादू नव्हे. राही भिंतीशी बसलेली होती. तिनं डोळे ताणताणून पाहिलं. तिला माणूस दिसला, तोंड दिसलं नाही. आणि आपल्याला जे दिसत नाही ते ह्या बाईला या काळोखात कसं दिसलं, हे तिला उमगेना.

दुसऱ्या सकाळी देवळासमोर गावकी बसली. गावकार रावजी मधे, मास्तरांना बोलावून आणलेलं. बायकांनी तिथं बसायचं नसतं. राही देवळाच्या दगडी गडग्यामागं उभी राहून ऐकत होती.

"मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस," रावजी म्हणाला. "ती काच खरी का खोटी, तेवडं सांगा."

"खरी आहे. पण जुनी असणार."

"किती जुनी?"

मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. काचेवर कडेला गोदीचं नाव तेवढं होतं. "सांगता येत नाही. दहा वर्षांची असेल, दोन वर्षांची असेल. आणि तो माणूस तुमचा धाकूच कशावरून?"

"आवशीला लेकरू वळकत न्हाय? आनि ह्ये बगा. मेलेल्या मानसाची सावली पडत न्हाय. भुताचीसुदा पडत न्हाय, ह्ये शेंबड्या पोराला ठावं हाय. काल त्याची सावली साऱ्या गावानं धोतरावर पडलेली बगितली. मंग त्यो मेला कसा?"

मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला. कॅमेरा, काच, दिवा, सगळं सांगितलं. माणसं मान डोलवत ऐकत राहिली आणि ऐकून झाल्यावर रावजीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. जास्त ताणलं तर कंदिलात काही काळंबेरं आहे म्हणून लोक पोरांना शाळेतून काढतील, या भीतीनं मास्तरांनी वाद सोडला. नवरा जिता असताना बाईला पाट लावता येत नाही, असं गावकीनं ठरवलं. संध्याकाळच्या आत जनीनं, गावकाराच्या बायकोनं, राहीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. भारे वाहून हात सुजलेले होते. बांगड्या चढेनात, तशी तिनं तेल लावून चढवल्या.

बाबू दोन दिवसांनी वहाळावर आला. राही खडकावर कांबळं धूत होती.

"तुला काय दिसला?" त्यानं उभ्या उभ्याच विचारलं.

"मानूस दिसला. तोंड न्हाय दिसलं."

"मंग गावकीत तसं सांग."

"मी सांगितलं तर काय म्हनतील? न्हवरा जिता हाय आनि हिला दुसऱ्याची घाई."

"तुला दिसलं न्हाय, तर तुज्या सासूला तरी कसं दिसलं?"

उत्तर राहीच्या जिभेवर होतं. एक वाक्य बोलली असती की सुटली असती. पण साथीच्या सालापासून अन्न चिवडत बसणारी हौसा त्या दिवसापासून अख्खी भाकर खात होती. तिला गावापुढं रातांधळी म्हणायचं, वर खोटी म्हणायचं, आणि ते कशासाठी, तर आपल्याला दुसरं घर हवं म्हणून. राहीला स्वतःचीच लाज वाटली. तिनं कांबळं पिळलं.

"मी थांबतंय," बाबू म्हणाला. "शिवाला मुंबईला धाडा. धुंडून येऊं दे."

शिवा भाऊ शोधायला म्हणून गेला. गोदी, गिरण्या, सगळं पालथं घातलं, असे निरोप आले. मग तो तिथंच गिरणीत चिकटला आणि निरोपही येईनासे झाले. हत्ती शोधायला गेला तो माहूतही गेला, असं गाव म्हणायचं. घरात बायका दोनच राहिल्या. बाईनं नांगर धरायचा नसतो, म्हणून नांगरणीसाठी राही दारोदार फिरायची. कुणी एक दिवस जोत द्यायचा, त्याच्या बदल्यात ती त्याच्या शेतात कंबर मोडेतो लावणी करायची. आपली रोपं तोवर पिवळी पडायची. पायांच्या बोटांतल्या चिखल्या दिवाळीपर्यंत भरायच्या नाहीत.

बाबू थांबला, खरंच थांबला. लोक त्याला चिडवायचे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. चौथ्या पावसाळ्याआधी त्यानं कमळा नावाची मुलगी केली. वरातीचे ढोल सड्यावर ऐकू आले तेव्हा राही टाहाळ तोडत होती. कोयता चालवता चालवता ती रडली, आणि तिथं कुणी नव्हतं म्हणून चांगली पोटभर रडली.

सवाष्ण म्हणून तिला हळदीकुंकवाला बोलावणं यायचं. ओटी भरताना बायका एकमेकींकडं बघायच्या. पाणवठ्यावर तिचं नावच पडलं होतं, धोतरावरची बायको. एकदा कमळाच तिला म्हणाली, "तुजं बरं हाय गो, न्हवऱ्याला जेवान घालूक लागत न्हाय." पोरीच्या मनात वाईट नव्हतं. राही हसली आणि हंडा उचलून घरी आली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

अशी वर्षं गेली. राहीच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले, भारे वाहून होतात तसे. हौसा वाकली, पण संध्याकाळी राहीचं मनगट धरायची तिची पकड तशीच राहिली. शाळेत कंदील मधूनमधून यायचा. एका वर्षी कार्बाईडचा दिवा आला, त्याला लसणीसारखा वास मारायचा, पण त्या खेपेला पेटीत काचा सगळ्या गुरांच्या रोगांच्या होत्या. गोदीची काच काही परत आली नाही. हौसा दर वेळी विचारायची, आणि गाव कौतुकानं म्हणायचं, आईची माया.

मग एका चैत्रात मोटार आली. आता हातखंब्याच्या रस्त्याला मोटारी नेहमीच्या झाल्या होत्या, पण ही निराळी, चित्रं दाखवायची होती. हिच्या पोटात एक यंत्र धडधडायचं आणि त्यातून वीज निघायची. सगळ्या शाळांची पोरं हातखंब्याला न्यायची होती, मागं गावंही येणार होती. आत्माराम मास्तरांचे केस पिकले होते, पेन्शनीला थोडेच दिवस उरले होते. ते स्वतः दारात येऊन म्हणाले, "राहीबाई, जुनी पेटी आहे बरोबर. गोदीची काच आहे त्यात. मी विचारून घेतलंय. या तुम्ही."

राहीनं आत जाऊन हौसाला सांगितलं. "आये, चल. धाकूची काच हाय म्हनत्यात."

हौसा सूप पाखडत होती. तिचे हात थांबले.

"मी कशाला येऊ? काळोखात माला काय दिसतंय?"

बोलून गेली आणि तिला कळलं. ती पुन्हा पाखडायला लागली, पण सुपात दाणे नव्हते, नुसता कोंडा उडत होता. राही गावाबरोबर निघाली.

दिवस बुडाला तसा मोटारीपुढं मोठा पांढरा पडदा ताणला गेला. यंत्र सुरू झालं. उजेड असा पडला की पुढच्यांनी डोळ्यांवर हात घेतले. पांढराफेक उजेड, पिवळेपणाचा लवलेश नाही. दोन-चार काचा झाल्या आणि गोदी आली.

आगबोटीच्या अंगावरचे खिळेसुद्धा दिसत होते. गोणीवरची वीण दिसत होती. पुढचा माणूस पाठीवर गोण घेऊन तोंड वळवून उभा होता. त्याला हनुवटीवर टोकदार दाढी होती, कानात वाळी होती, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचं फडकं होतं. वयानं पन्नाशीचा. कुठल्या लांबच्या बंदरावरचा खलाशी असावा. तो ओठ उघडे टाकून कॅमेऱ्याकडं बघत होता, जसा कोणी अनोळखी माणूस वाटेत बघतो तसा.

यंत्र तेवढं धडधडत होतं.

"काच बदललान," दादू मागून म्हणाला.

"तीच काच आहे," मास्तर म्हणाले. "दिवा बदललाय."

पुढं हलती चित्रं लागली. पडद्यावर बायका भाताची लावणी करत होत्या, त्यांच्या पाठी खाली-वर होत होत्या, आणि आपल्यासारख्याच बायका हलताना बघून माणसं मोठमोठ्यानं हसली, बघा बघा म्हणाली. मघाचं सगळं विसरायला सगळ्यांनाच काही तरी हवं होतं. राही बघत होती, पण तिला दिसत नव्हतं. तिच्या मनात राग नव्हता, अजून दुःखही आलं नव्हतं. तिला फक्त दमल्यासारखं झालं, आयुष्यात कधी झालं नव्हतं एवढं.

सकाळी ती पडवीत हौसापुढं बसली.

"आये, त्या दिशी तुला काय दिसला व्हता?"

हौसा म्हणाली, "काय न्हाय गो. पिवळा उजेड दिसला. मास्तर म्हनाले गोदी हाय, मानसं हायत. माला वाटलं, असंल. माजा असंल. हाक आपसूक आली."

"मंग दुसऱ्या दिशी का न्हाय सांगितलंस?"

"सांगनार व्हते. दुसऱ्या दिशी तू भारा घेऊन सड्यावरनं आलीस. मी मनात म्हटलं, ही गेली तर सांजेला माजा हात कोन धरंल?"

हौसाचा गळा दाबावा असं राहीला वाटलं. हे वाटलं तसं लपवण्यात अर्थ नाही, तेच वाटलं. आणि हौसानंही ते ओळखलं असावं, कारण म्हातारीनं मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

तेवढ्यात अंगणात माणसं आली. रावजी काठी टेकत आला, मागं गावकीतली चार माणसं, जनी आणि बायका. रावजी आता थकला होता, पण गावकारकी त्याचीच होती.

"राही गो," तो म्हणाला, "काल साऱ्यांनी बगितलंन. त्यो आपला धाकू न्हवं. मंग आता गंगाराम सांगत व्हता तेच खरं. तुजा न्हवरा मेला. सवाष्णीच्या बांगड्या ठेवायला येत न्हायत. दहा दिस सुतक धर."

"भाजावळ अर्दी हाय," राही म्हणाली. "टाहाळ पसरून टाकलाय."

"सुतकात इस्तव लावायचा न्हाय."

राही उठून अंगणात आली. ती गावकीपुढं पहिल्यांदाच उभी होती. "लावत न्हाय. पन माला येक सांगा. माजा न्हवरा मेला कवा?"

मागच्या एकानं साथीचं नाव काढलं.

"साथीत मेला म्हनावं तर येवडी वर्सं मी कुनाची सवाष्ण व्हती? बाबूला माघारी का धाडलात?"

रावजीनं काठीवरचा हात बदलला. त्याला ते उत्तर परवडणारं नव्हतं, आणि गावकीलाही नव्हतं. थोडा विचार करून तो म्हणाला, "काल. गावानं काल बगितलंन, तवा काल मेला. कालपातूर तू सवाष्णच. गावकीची चूक न्हाय."

"म्हंजे दिवा मोटा झाला म्हनून माजा न्हवरा मेला."

राहीनं मागं वळून हौसाकडं बघितलं. आत्ता एक वाक्य बोललं तर म्हातारीच्या उरलेल्या वर्षांत या गावातलं कुत्रंही तिच्या दारात येणार नाही. ते वाक्य आज पुरं तिच्या हातात होतं, आणि त्यानं आता काहीच मिळणार नव्हतं. ती खाली बसली आणि दारातल्या दगडावर तिनं दोन्ही हात ठेवले.

जनीनं धोंडा उचलला. पहिल्या घावाला बांगड्या फुटल्या नाहीत, मनगट तेवढं ठेचलं. तेव्हा पडवीतून हौसा मोठ्यानं रडायला लागली, लेकाच्या नावानं, आणि सुटल्यासारखं होऊन सगळ्या बायकांनी तिच्या सुरात सूर मिळवला. रावजीनंही डोळे पुसले. राहीनं हात हलवला नाही. जनीनं दुसरा घाव घातला.